दिवेलागणीपूर्वीचे ताट

व्यापारी जैन कुटुंबाचा दिवस दोन घड्याळांवर चालतो. एक दुकानाचे, दुसरे सूर्याचे. दुकानाचे घड्याळ संध्याकाळी सहानंतर खऱ्या अर्थाने पळू लागते. नोकरदार माणूस कचेरीतून सुटतो, बाजारात शिरतो आणि गल्ल्यावर बसलेल्याला मान वर करण्याची सवड उरत नाही. नेमके त्याच वेळी सूर्याचे घड्याळ जेवण उरकून घेण्यास सांगत असते. नगरसारख्या गावी डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या आरंभी सव्वासातच्या सुमारास. वर्षभरातला हा तास-सव्वा तासाचा फरक शहरातील अन्य घरांना जाणवतही नसेल. चौविहार पाळणाऱ्या घरातील गृहिणीला मात्र तो रोजच्या रोज मोजावा लागतो.

नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणावयाचे, पण जुन्या जिभेवर नगरच येते) कापडबाजारात दुकान असलेल्या एका ओसवाल कुटुंबाची हकिकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. घरात सात माणसे. दादीजी, त्यांचे चिरंजीव म्हणजे दुकानाचे मालक, ज्यांना घरात सारे बाबूजी म्हणतात, बाबूजींच्या पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. दादीजींचा चौविहार गेली चाळीस वर्षे अखंड आहे. सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम, स्वादिम यांपैकी काहीही नाही. सासूबाईंचेही तसेच. बाबूजींचा नियम चातुर्मासापुरता, मुलाचा पर्युषणाच्या आठ दिवसांपुरता आणि नातवंडांचा दादीजींच्या नजरेपुरता.

परिणामी या घरात संध्याकाळी तीन वेळा जेवण होत असे. साडेपाचला दादीजी आणि सासूबाई. साडेसातला शिकवणीहून आलेली मुले, ज्यांना डाळ-फुलक्याचे नावही नको असे. साडेनऊला दुकान वाढवून आलेले बाप-लेक. तीनदा तवा तापायचा, तीनदा ओटा पुसला जायचा आणि सून सगळ्यांच्या शेवटी, दहाच्या पुढे, उभ्याने दोन घास खायची. याला कोणी अन्याय म्हणत नव्हते. ती घराची रीत होती आणि रीत मोडण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

कारण पैशाने पुरवले. दुकानाच्या नूतनीकरणासाठी बँकेतून मोठे कर्ज काढले होते. काचेचे दालन झाले, वातानुकूलन झाले. गिऱ्हाईक मात्र साडीचा फोटो भ्रमणध्वनीवर दाखवून भाव विचारू लागले आणि भाव ऐकून निघून जाऊ लागले. हप्ता तर दर महिन्याला ठरल्या तारखेला येतो. एके महिन्यात बाबूजींनी घरखर्चासाठी दिलेल्या पाकिटात नेहमीपेक्षा चौथा हिस्सा कमी होता. त्यांनी कारण सांगितले नाही, सासूबाईंनी विचारले नाही. व्यापारी घरात मंदीची बातमी वर्तमानपत्राआधी स्वयंपाकघरात पोहोचते, आणि ती अशीच, न बोलता पोहोचते.

त्याच उन्हाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि स्वयंपाकघराची किल्ली सुनेकडे आली. सून वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नापूर्वी दोन वर्षे एका सनदी लेखापालाकडे काम केलेली. तिने मुलाच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वहीत रोजमेळ मांडण्यास सुरुवात केली. डाव्या पानावर काय आणले, उजव्या पानावर काय शिजले, आणि तळाशी काय उरले. पहिल्या महिन्याअखेरीस वहीने जे दाखवले, ते घरातील समजुतीच्या अगदी उलट होते. सर्वांना वाटे, खर्च तुपात आणि सुक्या मेव्यात जातो. तो तसा जात नव्हता. तो जात होता दोन ठिकाणी: मुलांसाठी आणि कधी कधी रात्री दमून आलेल्या पुरुषांसाठी बाहेरून मागवलेल्या पदार्थांत, आणि उरलेल्या अन्नात.

उरलेल्या अन्नाची गोष्ट जैन घरात वेगळी असते. शेजारच्या घरी रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, पोळीचा कुस्करा होतो. येथे रातबासी चालत नाही. ओलावा असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडून गेले की ते अभक्ष्य. खाखरा, पापड, वाळवण यांची गोष्ट निराळी; वाटीभर डाळ मात्र सूर्य मावळला की हिशेबातून बाहेर गेली. तीन पंगतींसाठी तीन वेळा अंदाज घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी ‘कमी पडू नये’ म्हणून मूठभर जास्त घ्यायचे, असे चालले होते. दुकानात ज्याला पडून राहिलेला माल म्हणतात, तो निदान दिवाळीला सवलतीत तरी विकला जातो. येथे रोज रात्री तो माल घरकामाच्या बाईंच्या डब्यात किंवा गायीपुढे जाई, आणि त्याला दान म्हटले जाई. दान ते खचितच नव्हते. तो चुकलेला अंदाज होता.

सुनेने प्रथम अंदाजच हाती घेतला. एक किलो कणकेचे मध्यम आकाराचे साधारण चाळीस फुलके होतात. सात माणसांना पाव किलो मूगडाळ एका वेळेस पुरते. या दोन आकड्यांवर तिने वाट्या ठरवल्या आणि दुपारी चारला प्रत्येकाला विचारण्याचा प्रघात पाडला: किती फुलके? मुलांना गंमत वाटली. बाबूजींना मात्र ते लागले. ज्या घरात पाहुण्याला दहावा फुलका आग्रहाने वाढला जातो, त्या घराच्या मालकाने दुकानातून दूरध्वनीवर ‘मला चार’ असे सांगायचे, हे त्यांना कृपणपणाचे वाटले. त्यांनी दोन दिवस उत्तरच दिले नाही. तेव्हा दादीजी बोलल्या. आयुष्यभर त्या जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पीत आल्या आहेत, कण वाया जाऊ नये आणि जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून. त्या मुलाला एवढेच म्हणाल्या, ‘थाळी धुऊन पितोस ना? मग फुलके मोजायला लाज कसली?’ तिसऱ्या दिवशी दुकानातून निरोप आला: चार, आणि मुनीमजींना दोन.

मग प्रश्न आला, शिजवायचे काय. घरोघरीच्या मासिकांत, याही मासिकात, ज्या पाककृती छापून येतात, त्यांत चीज, क्रीम आणि परदेशी नावाचे मसाले बरेच असतात. सणावारी ते शोभते. मंगळवारच्या संध्याकाळी पाच वाजता, एका हाताने मुलाचा गृहपाठ बघत, दुसऱ्या हाताने जे होते, ते निराळे. आणि हे निराळे या समाजाच्या घरात पूर्वीपासून होतेच. ते फक्त मागच्या फळीवर गेले होते.

दादीजी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यांत एक नियम द्रव्याचा: दिवसभरात किती पदार्थ खायचे त्याची संख्या ठरवायची. डाळ एक, फुलका एक, भाजी एक, भात एक, असे मोजत गेले की संख्या भराभर वाढते. पण तांदूळ आणि डाळ एकत्र शिजून खिचडी झाली, नाव आणि चव एक झाली, की द्रव्य एक. सुनेच्या हे ध्यानात आले, तेव्हा तिला आपल्या वहीची दुसरी बाजू सापडली. ज्या पदार्थाने दादीजींचे द्रव्य वाचते, त्याच पदार्थाने गॅसही वाचतो आणि भांडीही.

डाळढोकळी हा त्यातला राजा. महाराष्ट्रातील इतर घरांत हिलाच चकोल्या किंवा वरणफळे म्हणतात. तूरडाळ अर्धा तास भिजवून कुकरला तीन शिट्ट्या द्यायच्या. तेवढ्या वेळात कणीक, त्यात चौथा हिस्सा बेसन, ओवा, हळद, तिखट, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळून घ्यायची. डाळ घोटून भरपूर पाणी घालून उकळत ठेवायची. आमसूल, गूळ, मूठभर शेंगदाणे. पोळी पातळ लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक करून उकळत्या डाळीत सोडायचे. एकदम सोडले तर त्यांचा गोळा होतो. वरून तूप, जिरे, हिंग आणि सुक्या मिरचीची फोडणी. कांदा-लसणाची उणीव हिंग भरून काढतो आणि ओल्या आल्याच्या जागी सुंठ. वरून ओतायच्या तुपासह सगळे साहित्य घरातलेच, आणि वेळ चाळीस मिनिटे. बाहेरून मागवलेल्या दोन जैन थाळ्यांच्या पैशांत हा पदार्थ सातही माणसांना पोटभर होतो, हे वहीत आकड्यांनिशी नोंदलेले आहे.

तिथीचे दिवस आणखी सोपे निघाले. बीज, पाचम, आठम, अग्यारस, चौदस या दिवशी हिरवी भाजी नाही. म्हणजे महिन्यातले दहा दिवस भाजीबाजाराचा खर्चच नाही. तरीही या घरात ते दिवस महाग पडत असत, कारण ‘आज भाजी नाही’ म्हणून मुलांसाठी बाहेरून काहीतरी येई. दादीजींच्या तरुणपणी या दिवसांसाठी उन्हाळ्यातच तयारी होत असे. मूगडाळ भिजवून, जाडसर वाटून, हिंग-मिरपूड घालून गच्चीवर कापडावर बोरांएवढ्या मुंगोड्या घातल्या जात. चार कडक उन्हे मिळाली की डब्यात. सासूबाई पलंगावरून सांगत होत्या, दादीजी खुर्चीवरून पाहत होत्या, आणि मे महिन्याच्या एका सकाळी सून व दोन्ही नातवंडे मुंगोड्या घालत होती. धाकट्याच्या मुंगोड्या लाडवाएवढ्या झाल्या आणि वाळेनात. त्या वेगळ्या काढाव्या लागल्या. पाच किलो डाळीच्या मुंगोड्या चातुर्मास संपेपर्यंत पुरल्या. तुपावर परतून, पाणी आणि टोमॅटो घालून पंधरा मिनिटांत भाजी होते. तिथीला टोमॅटोऐवजी आमचूर.

गट्ट्यांची भाजी आणि कढी यांबाबत एक सावधगिरी तरुण सुनांना अनेकदा माहीत नसते. कच्चे दही किंवा ताक आणि कडधान्य यांचा मेळ म्हणजे द्विदल, ते वर्ज्य. म्हणून ताक आधी चांगले गरम करून घ्यायचे आणि मगच त्यात बेसन मिसळायचे. गरम ताक फाटण्याची भीती असते. ते मंद आचेवर सतत ढवळत तापवले की फाटत नाही. याच कारणाने मूगडाळीच्या चिल्ल्याबरोबर दही वाढायचे नाही, चिंचेची चटणी वाढायची. चिल्ल्याची डाळ दुपारी दोनला भिजवली की साडेचारला वाटता येते. रात्रभर आंबवण्याचा प्रश्नच नाही. अख्खे मूग भिजवायचे तर सकाळी भिजवून संध्याकाळी शिजवायचे, मोड येऊ द्यायचे नाहीत. मोड आलेले कडधान्य या घरात चालत नाही.

मुलांसाठी पावभाजी करावीच लागली. कच्ची केळी सालीसकट कुकरला दोन शिट्ट्या देऊन उकडली, सोलून घोटली, त्यात मटार, ढोबळी मिरची आणि टोमॅटो घातले की बटाट्याची आठवण येत नाही. निदान थोरल्या नातीने तसे जाहीर केले. धाकट्याचे मत निराळे आहे आणि तो ते लपवत नाही. केळी, डाळ आणि भात एकाच कुकरमध्ये तीन भांडी एकावर एक ठेवून होतात. दादीजी पावाला हात लावत नाहीत. त्यांना तीच भाजी फुलक्याबरोबर, लोणी न घालता. पदार्थ एक आणि पंगत एक झाली, हे महत्त्वाचे. शिकवणीची वेळ अर्धा तास मागे-पुढे करून मुले सहाच्या आत घरी येऊ लागली आणि चार बायका-मुलांबरोबर सूनही बसून जेवू लागली. लग्नानंतर बारा वर्षांनी ती दिवसाउजेडी संध्याकाळचे जेवण बसून जेवत होती. दादीजींनी पहिल्या दिवशी स्वतः तिला वाढले. यावर घरात काही बोलणे झाले नाही.

राहिले दुकान. तेथे केवळ पाककृतीने भागण्यासारखे नव्हते. आषाढातील चौमासी चौदशीपासून बाबूजींचा नियम सुरू झाला तेव्हा डबा जाऊ लागला. डब्याचे शास्त्र वेगळे आहे. डाळढोकळी डब्यात जात नाही, वाटेतच तिचा घट्ट गोळा होतो. खिचडी जाते, पण बरोबर कढीची बाटली हवी. थेपले जातात, चिल्ले थंड झाले की चामट होतात. सर्वांत चांगली जाते ज्वारीची भाकरी आणि पापड घातलेली दाणामेथी. मेथीदाणे भिजवून, उकळून, पाणी काढून टाकायचे, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत आमचूर-गूळ घालून शेवटी पापडाचे तुकडे. कडवट असते, पण बाबूजींना साखरेचा विकार जडल्यापासून वैद्यांनीही मेथीला नकार दिलेला नाही. त्यांच्या भाजीत गूळ तेवढा घालायचा नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये सतरंजी टाकून बाबूजी वीस मिनिटांत जेवत. खाली मुलगा आणि मुनीमजी. मग मुलगा वर येऊन जेवू लागला. नियम म्हणून नव्हे, डब्यात दोघांचे येते म्हणून. रात्री साडेनऊची पंगत अशी आपोआप बंद पडली. बाहेरून मागवणे महिन्यात आठ-नऊ वेळांवरून एक-दोन वेळांवर आले आणि चौथ्या महिन्यात वहीतील बेरीज कमी झालेल्या पाकिटाच्या आत बसली.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला. बाबूजींचा नियमही संपावयाचा. पण त्यांनी स्थानकात जाऊन वर्षभराचे पच्चक्खाण घेतले आणि घरी येऊन सांगितले. घरात आनंद झाला. सुनेच्या मनात मात्र दुसरा हिशेब होता. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई. लग्नाचा बस्ता बांधायला येणारी मंडळी दुपारी निघतात, चार दुकाने फिरतात आणि पाच-साडेपाचला बसतात ती दोन-तीन तास उठत नाहीत. याच दिवसांत सूर्य सहाच्या आत बुडतो.

झाले तसेच. मार्गशीर्षात एका संध्याकाळी श्रीगोंद्याकडची बारा-पंधरा मंडळी बस्त्यासाठी आली. बाबूजी स्वतः साड्या उलगडून दाखवत होते. डबा साडेपाचला पोटमाळ्यावर पोहोचला होता. मुलाने दोनदा खूण केली; बाबूजींनी दोनदा मान हलवली. वऱ्हाडातील वडीलधाऱ्या बाईंचे शालूवर मन बसत होते, अशा वेळी दुकानदार उठला की मन उठते, हे त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. सूर्य मावळला. आठच्या सुमारास बस्ता बांधला गेला; त्या महिन्याचा हप्ता त्यातून निघणार होता. मंडळींना चहा दिला, मुलानेही घेतला. बाबूजींनी पाणीही घेतले नाही.

नऊला डबा न उघडता घरी आला. सुनेने तो उघडला, भाकऱ्या मोजल्या आणि बाजूला काढल्या. दादीजी जाग्या होत्या. त्यांनी मुलाला जवळ बसवले, विक्री कशी झाली ते विचारले, जेवणाचे विचारले नाही. रात्री मुलगा आणि सून बराच वेळ बोलत होती. त्याचे म्हणणे असे की, वडिलांनी सराईपुरती सूट ठेवून पच्चक्खाण घ्यायला हवे होते. वय पासष्ट, त्यात साखरेचा विकार, उपाशीपोटी रात्र काढणे धोक्याचे. तिचे म्हणणे असे की, ते सूट ठेवणारे गृहस्थ असते तर पाकीट कमी करताना कारणही सांगते. दोघांचेही खरे होते.

सकाळी बाबूजींनी साखर तपासली, वैद्यांना दूरध्वनी केला. वैद्यांनी गोळीची वेळ बदलून दिली आणि उपाशी राहू नका म्हणून बजावले. नवकारसी आल्यावर, सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी, त्यांनी मुगाचे गरम पाणी घेतले. मग स्वतःच सांगितले की, डबा यापुढे साडेचारला पाठवावा, पाचच्या आत जेवून घेता येईल. बस्त्याची मंडळी त्याच्या आत सहसा बसत नाहीत.

साडेचारचा डबा म्हणजे चिल्ले बाद, कारण डाळ दोनला भिजवून साडेचारला वाटली जाते. सुनेने डाळ साडेअकराला भिजवायचे ठरवले आणि तोपर्यंत थेपल्यांवर भागवायचे. चातुर्मासात बंद असलेली मेथी आता बाजारात स्वस्त झाली आहे; दोन जुड्या निवडून ठेवल्या आहेत. वहीच्या उजव्या पानावर उद्याची तारीख, खाली ‘थेपले: दुकान दहा, मुनीमजी तीन’, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, बाबूजींच्या मोडीवळणी हातात: ‘मुनीमजी चार.’